लाकूड-लोखंडाचं हलकं स्टूल : वजन नेमकं कुठं कमी करायचं?

सातारा_फॅब
पाचगणीच्या एका कॅफेसाठी 30 स्टुलं करायची आहेत. बसायची उंची 450 मिमी. नमुना केला तो असा : एक इंची चौकोनी पाइप 16 गेज (पत्रा 1.6 मिमी जाड), वर-खाली दोन्हीकडं चौकट (सगळा मिळून 4.2 मीटर पाइप), वर बाभळीची 300 × 300 फळी, 25 मिमी जाड. दणकट आहे, पण काट्यावर पावणेसात किलो. गिऱ्हाईक म्हणतंय तीन किलोच्या आत बसवा. पाइप 18 गेज (पातळ, 1.2 मिमी) घेतला तर भागेल का? की पायच तीन करू? चॉप सॉ, ड्रिल आणि आर्क वेल्डिंगचं मशीन आहे, सीओटू (गॅसवालं वेल्डिंग) नाही.

तीन_सुती
नुसतं गेज बदलून सव्वा किलोसुद्धा वाचत नाही. एक इंची 16 गेज मीटरला साधारण 1.18 किलो, 18 गेज 0.9 किलो. साडेपाचावर येऊन अडकाल. आधी पाइपचे मीटर कमी करा, मग गेज.

पाय पाऊण इंची गोल पाइपचे घ्या : बाहेरून 19 मिमी, 18 गेज, मीटरला 0.53 किलो. फर्निचर पाइपच मागा. प्लंबिंगचा पाऊण इंच बाहेरून 27 मिमीच्या आसपास असतो, शिवाय जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) असला तर वेल्डिंगला जस्ताचा धूर नाकात जातो.

वरची चौकट काढून टाका. सीटखाली 25 × 5 मिमी लोखंडी पट्टीचा 240 मिमीचा प्लस करा : एक पट्टी अखंड, दुसरीचे दोन तुकडे. पाय केंद्रापासून 110 मिमीवर आणि 8 अंश बाहेर तिरके. पायाची लांबी 430. सॉ 8 अंशावर लावला आणि पाइप न फिरवता सरळ पुढं सरकवत कापला की दोन्ही टोकं आपोआप समांतर येतात. 6 मीटरच्या एका पाइपात तीन स्टुलांचे बारा पाय निघतात. खाली जमिनीपासून 150 मिमीवर तीन सुती (साधारण साडेनऊ मिमी) सळईची फुली, कर्ण साधारण 280 मिमी. ही फुली पायांना फाकू देत नाही आणि चौकटीपेक्षा कमी सळईत होते. सगळं लोखंड 1.7 किलो.

तीन पाय करू नका, राव. डुगडुगत नाही हे खरं, पण कलंडतं. पाय टेकतात ते वर्तुळ 170 मिमी त्रिज्येचं धरलं, तर चार पायांत कलंडायची रेषा केंद्रापासून 120 मिमीवर येते, तीन पायांत फक्त 85 वर. तेवढीच स्थिरता हवी तर तीन पाय 240 त्रिज्येपर्यंत फाकवावे लागतील, मग येणारा-जाणारा त्यात अडखळणार.

मिरज_सुतारकाम
सीटबद्दल. बाभूळ बैलगाडीला ठेवा. शिवण (शिवणीच्या झाडाचं लाकूड) मिळाली तर उत्तम : हलकी असते आणि फार वाकत नाही. 300 मिमी गोल, 20 मिमी जाड सीट 700 ग्रॅमच्या आत येते, सागवानी केली तर 900 च्या आसपास. शिवण मऊ असल्यामुळं कडेला खोचा पडतात, म्हणून कड 5 मिमी गोल करून घ्या.

खरा घोटाळा स्क्रूच्या भोकांत होतो. मे महिन्यात सांगली-साताऱ्यात सुकलेली फळी पावसाळ्यात पाचगणीला गेली की आडवी फुगते. सागवानसुद्धा 300 मिमीत दोन-तीन मिमी हलतं. पट्टीला घट्ट गोल भोकं असतील तर फळी जोडावर उकलते, नाहीतर बशीसारखी वाकते. म्हणून प्लसची एक पट्टी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ठेवा, तिला साधी भोकं चालतील. मधला स्क्रूही पक्का असू दे. आडव्या पट्टीच्या टोकांना मात्र पट्टीच्या लांबीत 10 मिमी लांब खाचा पाडा (6 मिमीचं ड्रिल शेजारी-शेजारी दोनदा, मग कानस), वॉशर लावा आणि स्क्रू हलका आवळा. स्क्रू पाऊण इंची. 5 मिमी पट्टीत गेले की 14 मिमी लाकडात उरतात. इंची स्क्रू वर टोक काढेल.

वखारीतून फळ्या आणल्या की ओलावा मोजून घ्या. 12 टक्क्यांच्या वर असेल तर जोडायची घाई नको. पॉलिश खालच्या बाजूलाही तेवढेच हात. बहुतेक जण तिथंच हात आखडतात आणि मग लाकडाला शिव्या देतात.

सातारा_फॅब
प्लसचं पटलं. पण 18 गेजला आर्कनं भोकं पडतात त्याचं काय? आणि कॅफेवाला एकावर एक रचायचं म्हणतोय.

तीन_सुती
रचायचं असेल तर खालची फुली चालणार नाही, खालच्या स्टुलाची सीट वरच्याच्या पायांत शिरायला हवी. फुली काढली की पाय 16 गेजचे आणि चारही बाजूंचे आडवे तुकडे पट्टीच्या लगेच खाली. पाव किलोच्या आसपास वजन वाढेल. खर्च सांगून गिऱ्हाइकालाच ठरवू द्या.

वेल्डिंगला अडीच मिमीचा रॉड बाजूला ठेवा. 2 मिमीचा रॉड, 45 ते 55 अँपिअर, आर्क 5 मिमी पट्टीवर धरून वितळलेला रस पाइपकडं ओढायचा. चारही पाय आधी टाक्यांवर (वेल्डच्या नुसत्या ठिपक्यांवर) उभे करा आणि टोकं मोजा : शेजारच्या दोन पायांत 240, समोरासमोर 340. मग समोरासमोरचे जोड आलटून-पालटून भरा. एक पाय एका दमात पुरा केलात तर तो ओढला जाणारच. फुली सगळ्यात शेवटी आणि सळई नेमक्या मापाची. फट ठेवून वेल्डनं भरली की थंड होताना पाय आत खेचले जातात आणि स्टूल डुगडुगतं. जोड ग्राइंडरनं पार सपाट करू नका. 1.2 मिमीच्या भिंतीत मग उरतं काय? चीर तिथूनच जाते.

कुपवाड_कोटिंग
एक राहिलं. लोखंडावरचं पावडर कोटिंग भट्टीत 180 ते 200 अंशाला पिकतं, त्यामुळं सीट नंतरच बसवायची. दुसरं म्हणजे पायाच्या आतल्या अंगाला, रबरी बुटाच्या जरा वर, 4 मिमीचं भोक हवंच. कोटिंगआधी लोखंड साफ करायच्या टाकीतलं ॲसिड पाइपात राहतं, बूट बसल्यावर बाहेर पडायला वाट नसली की दोन-तीन महिन्यांनी जोडातून तांबडं पाणी झिरपतं आणि दोष कोटिंगवाल्याच्या माथी. फरशी पुसताना बुटात शिरलेलं पाणीही त्याच भोकातून सुकतं. बुटाच्या तळाला लोखंडी वॉशर टाका, नाहीतर तिरक्या पायाची धार रबर कापून खाली उतरते.