मॅकार्टनीचं कंट्री: अस्सल की सोंग?

बी_बाजू

बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं संगीत) वळणाच्या गाण्यांची यादी छोटीच आहे, पण त्यातली निम्मी गाणी त्याच्या पक्क्या चाहत्यांनाही आठवण करून द्यावी लागतात. गाणी कमअस्सल आहेत म्हणून नव्हे, ती अल्बमवर आलीच नाहीत म्हणून. 'कंट्री ड्रीमर' १९७३ साली 'हेलन व्हील्स'च्या मागच्या बाजूला गेलं, 'सॅली जी' १९७४ साली 'ज्युनिअर्स फार्म'च्या मागे. 'वॉकिंग इन द पार्क विथ एलॉइज'वर तर त्याचं नावही नव्हतं, तबकडीवर 'द कंट्री हॅम्स' असं छापलं होतं. पुढे सीडीच्या जमान्यात 'सॅली जी' आणि 'एलॉइज' कुठे चिकटवली, तर 'विंग्ज ॲट द स्पीड ऑफ साउंड'च्या शेपटीला. तो अल्बम १९७६चा. म्हणजे घर एकाचं आणि पाहुणे दुसऱ्याचे.

यातलं 'सॅली जी' माझ्या मते पूर्ण उतरलेलं कंट्री गाणं आहे. १९७४च्या उन्हाळ्यात विंग्ज (मॅकार्टनीचा बीटल्सनंतरचा बँड) सुमारे सहा आठवडे कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलजवळ लेबननला राहिले होते, गीतकार कर्ली पुटमनच्या फार्मवर. ('ज्युनिअर्स फार्म'मधला ज्युनिअर तो हाच.) बँडमध्ये जिमी मॅककलक आणि जेफ ब्रिटन नवे होते, त्यांची तालीम हा मुख्य हेतू. त्या मुक्कामात साउंडशॉप स्टुडिओत 'सॅली जी' रेकॉर्ड झालं. गाण्यात प्रिंटर्स ॲली येते, ती नॅशव्हिलची बारची गल्ली. पेडल स्टीलवर (पाय आणि गुडघ्याने स्वर सरकवता येणारी आडवी गिटार) लॉइड ग्रीन आहे, बर्ड्स या अमेरिकन बँडच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'वर वाजवलेला तोच. जागा, माणसं, वाद्यं, विषय सगळं तिथलंच. याहून अस्सल आणखी काय हवं?

खुस्पटराव

याहून अस्सल गाणं हवं!

स्टील आणि फिडल (व्हायोलिन) मनातल्या मनात काढून टाका आणि 'सॅली जी' परत ऐका. उरते ती नेहमीची मॅकार्टनी चाल: गोड, वळणदार, आणि दुःखाच्या ओळीवरही हसतमुख. या माणसाला कुठलंही सोंग सहज वठतं. म्युझिक हॉल, रेगे, रॉक अँड रोल, सगळं त्याच काळात चालू होतं. सिनेमातली लावणी चांगली असू शकते, गाजूही शकते, पण म्हणून ती फडावरची होत नाही.

आणि 'एलॉइज'ला कंट्री म्हणणं हा लेबल वाचून केलेला न्याय आहे. ती धून पॉलच्या वडिलांची, जिम मॅकार्टनींची. लिव्हरपूलमध्ये त्यांचा स्वतःचा जॅझ बँड होता. धून त्याच घराण्याची आहे. नॅशव्हिलच्या चेट ॲटकिन्सने गिटार आणि फ्लॉइड क्रेमरने पियानो वाजवला म्हणून जॅझचं कंट्री झालं का?

बीटल्समधला खरा कंट्री माणूस रिंगो. 'ॲक्ट नॅचरली' (मूळ बक ओवेन्सचं, १९६३) त्याच्या तोंडी दिलं ते उगीच नाही. १९७० साली तो नॅशव्हिलला जाऊन निर्माता पीट ड्रेकच्या हाताखाली 'बोकूज ऑफ ब्लूज' मोजक्या दिवसांत संपवून आला. गाणी तिथल्या गीतकारांची, वादक तिथले, आणि रिंगोने फक्त गायचं. त्याचा गळा आखूड आहे, सूर जेमतेम लागतो, आणि कंट्रीत तेच चालतं. पॉलचा गळा या कामाला जास्तच चांगला आहे.

नऊवा_ई

@खुस्पटराव, "स्टील काढून टाका" हीच चाचणी चुकीची. पेडल स्टील ही वरून भुरभुरलेली कोथिंबीर नव्हे. ते वाद्य कसं चालतं ते पाहिलं की कळेल.

नॅशव्हिलचं नेहमीचं ट्यूनिंग म्हणजे ई-नाइन्थ: दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे काही लिव्हर. पहिलं पेडल (ए) ५व्या आणि १०व्या तारेचा बी एक पूर्ण स्वर चढवून सी शार्प करतं. दुसरं (बी) ३ऱ्या आणि ६व्या तारेचा जी शार्प अर्धा स्वर चढवून ए करतं. दोन्ही एकदम दाबली की डावा हात जागचा न हलवता ई कॉर्डचा ए होतो, म्हणजे घरच्या कॉर्डवरून चौथ्या स्वराच्या कॉर्डवर उडी. ४थ्या तारेचा ई तेवढ्या वेळात तसाच घुमत असतो. एक स्वर स्थिर आणि शेजारचे दोन सरकणारे, हे जे रडू आहे ते गळ्याला एकट्याने काढता येत नाही. म्हणून गायकाने ओळ संपवून जागा सोडायची आणि स्टीलने ती भरायची, अशी वाटणी असते. 'सॅली जी'त पॉल ती जागा सोडतो. पॉप गायक सहसा सोडत नाहीत, तिथे "ऊऊ" घालतात.

साध्या गिटारवर ही चव घ्यायची असेल तर: २री आणि १ली तार दोन्ही ८व्या पट्टीवर (फ्रेटवर) धरा (जी आणि सी), ३री तार ७व्या पट्टीवर (डी). तिन्ही एकत्र छेडा आणि फक्त ३री पूर्ण स्वर खेचून ई करा. सी मेजर सरकत येऊन बसतो. इथे नेहमी तीन गोष्टी बिघडतात. ट्रेमोलो ब्रिज (तारा अडकवलेला, स्प्रिंगवर हलणारा भाग) तरंगता असेल तर एक तार खेचल्यावर बाकीच्या दोन उतरतात. ब्रिज लाकडाला टेकवून घट्ट करा, नाहीतर ठोकळा लावा. ३री तार गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण स्वर चढतच नाही, साधीच तार हवी. आणि वरच्या तारा धरलेली बोटं नकळत बरोबर सरकतात, मग सगळंच बेसूर. आधी ई नुसता ९व्या पट्टीवर वाजवून कानात बसवा, मग ७वरून तिथवर खेचा.

कोरी_पाटी

भाबडा प्रश्न: आपल्याकडे हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे त्या रेकॉर्डी आहेत. ते आणि हे एकच ना?

नऊवा_ई

भावंडं आहेत, एकच नव्हे. दोन्हीत तारेवर लोखंडी कांडी फिरते. हवाईयनला पेडल नसतात, त्यामुळे कांडी फिरली की सगळ्या तारा सारख्याच चढतात. एक स्वर स्थिर ठेवून दुसरा हलवायचा तर कांडी तिरकी धरावी लागते, आणि तिरक्या कांडीने तीन तारा एकत्र वाजवल्या तर एक हमखास बेसूर जाते. सिनेमाची चाल बहुतांशी एकेरी, त्यामुळे आपल्या वादकांना ही अडचण फारशी जाणवायची नाही.

अवांतर: फ्लॉइड क्रेमरने हीच स्टीलची सरक पियानोवर गाजवली. वर जी धरून ठेवायचा, खाली डी वाजवून लगेच ई वर घसरायचं. 'लास्ट डेट' (१९६०) ऐका, पूर्ण गाणं त्यावर उभं आहे. त्यामुळे 'एलॉइज' जॅझ असेल, पण पियानोची बोटं नॅशव्हिलची आहेत. खुस्पटरावांशी अर्धा सहमत.

सहा_तारा

तुम्ही सगळे १९७४मध्ये अडकलात. मॅकार्टनीचं सर्वात पक्कं कंट्री गाणं १९६५चं आहे: 'आय'व्ह जस्ट सीन अ फेस'. १४ जून १९६५ला रेकॉर्ड झालं, 'यस्टरडे'च्याच दिवशी, आणि त्या सावलीत हरवलं. ब्रिटनमध्ये 'हेल्प!'च्या दुसऱ्या बाजूला पडलं. अमेरिकेत मात्र कॅपिटॉलने 'रबर सोल'चं पहिलं गाणं म्हणून लावलं, त्यामुळे तिकडच्या श्रोत्यांना तो अख्खा अल्बमच लोकसंगीताचा वाटला.

यात बेस गिटार नाही. स्टील नाही, फिडल नाही, बँजो नाही. अकूस्टिक गिटार, ब्रशने वाजवलेला स्नेअर आणि मराकस, बस्स. खुस्पटरावांनी सांगितलेली चाचणी इथे आधीच झालेली आहे! आणि ब्लूग्रासवाल्यांनी (बँजो-फिडलचं जलद कंट्री) ते लगेच उचललं: चार्ल्स रिव्हर व्हॅली बॉइज १९६६, डिलर्ड्स १९६८. ज्यांच्या घरचा माल त्यांनीच स्वीकारला, मग आपण कोण?

वाजवणाऱ्यांसाठी: सूर ए मेजर. २ऱ्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा) लावून जी, ई मायनर, सी, डीचे आकार धरा, म्हणजे खुल्या तारा मिळतात आणि वेगात हात थकत नाही. "फॉलिंग"ची ओळ त्या आकारांत डी, सी, जी, सी, जी अशी जाते. सगळे फसतात ते सुरुवातीच्या तुकड्यात. तो संथ वाटतो, म्हणून लोक सावकाश सुरू करतात आणि मग शब्द आले की धावतात. लय बदललेलीच नसते. तिथे दोन ठोक्यांत तीन स्वर बसवलेत, म्हणून संथ असल्याचा भास होतो. पायाचा ठोका आधी गाण्याच्या वेगात सुरू करा आणि त्यावर तिगुणी तुकडा टाका.

खुस्पटराव

बेस नसल्याचा मुद्दा चांगला आहे, मानलं. पण स्वीकाराचीच कसोटी लावायची तर पूर्ण लावा. 'सॅली जी' अमेरिकेच्या कंट्री यादीत ५१व्या क्रमांकावर थांबलं. उलट 'आय डोन्ट वाँट टू स्पॉइल द पार्टी' कंट्री गायिका रोझॅन कॅशने गायलं आणि १९८९ला तेच कंट्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते बीटल्सचं गाणं, पण लेननचं! लॉइड ग्रीन नाही, प्रिंटर्स ॲली नाही, लेनन तेव्हा नॅशव्हिलला गेलाही नव्हता. पार्टीत ती आली नाही आणि हा तोंड पाडून घरी निघाला, एवढाच विषय. पण पडलेलं तोंड खरं आहे.

आणि त्या काळातल्या कंट्री गिटारचं श्रेय बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला द्या. कार्ल पर्किन्स आणि चेट ॲटकिन्स कोळून प्यायलेला तो होता, हातातली ग्रेच गिटारसुद्धा 'कंट्री जंटलमन'.

बी_बाजू

जॉर्जबद्दल सहमत. 'एलॉइज'ही यादीतून काढतो, ते जॅझच आहे. ५१ मात्र गाण्याच्या माथी मारू नका. ती तबकडी 'ज्युनिअर्स फार्म' या दणक्या रॉक गाण्यासाठी निघाली, ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि त्यानंतर १९७५च्या सुरुवातीला 'सॅली जी' पुढची बाजू म्हणून वाजू लागलं. शिळ्या तबकडीची दुसरी बाजू कंट्री यादीत दिसली हेच पुष्कळ.

'हार्ट ऑफ द कंट्री'बद्दल कुणीच बोललं नाही. 'रॅम' (१९७१) वरचं.

खुस्पटराव

त्यात तो मध्येच निरर्थक अक्षरांत गातो आणि गिटारही बरोबर तेच वाजवते. हे जॅझचं स्कॅट आहे. नावात कंट्री आहे ते खेड्यातलं घर या अर्थाने.

सहा_तारा

गिटारच्या तोडीस तोड गाणं बॉब विल्सच्या टेक्सास स्विंगमध्येही (कंट्री आणि जॅझची मिसळ) चालतं, आणि त्याला कंट्रीत मोजतात. स्विंगला बाहेर काढलंत तर निम्मं टेक्सास जाईल.

खुस्पटराव

मग 'एलॉइज' परत आत घ्या. तेही स्विंगच आहे.

नऊवा_ई

घेतलं. पण क्रेमरच्या बोटांमुळे, लेबलमुळे नाही.