शब्दचर्चा : ‘एसएमपी मॉड्यूल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : लिनक्सची मॉड्यूल्स (कर्नलला गरजेप्रमाणे जोडता येणारे तुकडे) कशी बांधायची, यावर मराठीत टिपण लिहितो आहे. कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या मध्यवर्ती प्रोग्रामसाठी, ‘गाभा’ वापरले. एसएमपी म्हणजे एका संगणकात अनेक प्रोसेसर बरोबरीने वापरण्याची सोय. त्यावरून मॉड्यूलचे दोन प्रकार ‘एकप्रक्रियक यंत्रासाठीचे’ आणि ‘बहुप्रक्रियक यंत्रासाठीचे’ असे लिहिले. चालेल का?

– ‘गाभा’ शब्द मला फार आवडतो, पण इथे नको. प्रोसेसरच्या कोअरलाही आपण गाभाच म्हणतो. ‘चार गाभ्यांच्या संगणकावर नवा गाभा चढवला’ या वाक्याचा अर्थ लागत नाही. कर्नलच ठेवा.

– माझा आक्षेप ‘यंत्रासाठीचे’ या शब्दाला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मॉड्यूल यंत्रासाठी नसते, एका विशिष्ट कर्नलसाठी असते. एसएमपीचा पर्याय चालू ठेवून बांधलेला कर्नल एकाच प्रोसेसरच्या जुन्या संगणकावरही नीट चालतो, आणि तिथेही त्याला एसएमपीचेच मॉड्यूल लागते. तुमचे वाक्य वाचून नवशिका संगणकातले प्रोसेसर मोजेल आणि चुकीचे मॉड्यूल बांधेल.

कारण स्पिनलॉक, म्हणजे एकच डेटा दोन प्रोसेसरांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून लावलेले कुलूप. एसएमपी कर्नलमध्ये त्याला मेमरीत जागा लागते. पर्याय बंद असेल आणि डीबगिंगची (दोष शोधण्याची) सोयही चालू नसेल, तर त्याला जागाच लागत नाही. मग तो ज्या स्ट्रक्चरमध्ये (एकत्र ठेवलेल्या डेटाच्या गटात) आहे, त्यातल्या पुढच्या फील्डची, म्हणजे घटकांची, ठिकाणे सरकतात. असे विजोड मॉड्यूल चढले, तर ते भलत्याच जागी लिहील. म्हणून प्रत्येक मॉड्यूलवर ‘व्हर्मॅजिक’ नावाची ओळ असते. तिच्यात कर्नलची आवृत्ती, एसएमपी, प्रीएम्प्ट (कर्नलचे काम मध्येच थांबवून दुसरे घेण्याची सोय) वगैरे खुणा येतात. ‘मॉडइन्फो’ या आज्ञेने ती पाहता येते. खुणा जुळल्या नाहीत, तर कर्नल मॉड्यूल नाकारतो.

– मग पूर्वी लिनक्सची वितरणे दोन वेगळे कर्नल का देत?

– वेगासाठी. अनेक प्रोसेसर असताना प्रोसेसरला दिलेल्या काही सूचनांना ‘लॉक’ उपसर्ग लावावा लागतो, म्हणजे ती सूचना पुरी होईपर्यंत दुसरा प्रोसेसर मध्ये येत नाही. प्रोसेसर एकच असेल तर तो खर्च वाया जातो. २००६ मधल्या २.६.१७ आवृत्तीपासून एक्स८६वरचा (इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांवरचा) कर्नल एकच प्रोसेसर दिसला तर हे उपसर्ग चालू असतानाच काढून टाकू शकतो. त्यानंतर वेगळा कर्नल देण्याची गरज उरली नाही. टिपणात ‘एसएमपी कर्नलसाठी बांधलेले मॉड्यूल’ असे सरळ लिहा.

– ‘बहुप्रक्रियक’ही टाळा. घाईत वाचणारा ते ‘बहुप्रक्रिया’ वाचतो, आणि एकाच प्रोसेसरवर अनेक प्रक्रिया चालणे ही वेगळीच गोष्ट आहे.

– ‘बांधणे’ छान आहे. कंपाइलसाठी मात्र ‘संकलन’ नको, त्याने कवितासंग्रह किंवा चित्रपट आठवतो. शिवाय कंपाइल केल्यावर हाती येते ती नुसती डॉट-ओ फाइल. कर्नलमध्ये चढवता येणारी डॉट-केओ फाइल होईपर्यंतचे सगळे काम ‘बांधणी’त येते. ती बांधणी चालू कर्नलच्याच ‘बिल्ड’ डिरेक्टरीवर बेतून करावी, हे वाक्य टिपणात जरूर घाला. एसएमपीचा पर्याय मग तिथूनच घेतला जातो, वेगळा द्यावा लागत नाही.