मोठी गाडी घेतली, पण रोजच्या वापरात? अनुभव सांगा

दिवाळीत वॅगनआर काढली नि स्कॉर्पिओ एन घेतली. हायवेला नाद नाही करायचा, पण सोसायटीत वाट लागलीये. वॅगनआर १६२० मिमी रुंद, ही १९१७, म्हणजे जवळपास फूटभर जास्त आणि खांब आहे तिथंच आहे. बायकोला गेटपाशी उतरवतो, आरसे मिटतो आणि मग दार वीतभर उघडून पोट आत घेऊन बाहेर पडतो. तुमचं काय?

-----

सदाशिव पेठ, अल्टो, १४ वर्षं. दोन स्कूटरच्या मधल्या जागेत घुसते आमची. त्रास फक्त रात्री होतो, मागं एसयूव्ही आली की तिचे दिवे बरोब्बर आपल्या आरशात, आरसा खाली पाडला की मागचं काही दिसत नाही.

-----

लांबीवर जाऊ नका हो. चार मीटरच्या आत टॅक्स कमी म्हणून कंपन्यांनी लांबी आवरली आणि गाडी आडवी वाढवली. ब्रेझा ३९९५ मिमी, क्रेटाहून आखूड, पण रुंदी दोघींची १७९०च! बोळात अडते ती रुंदीच ना. आमच्या शोरूमवाल्याने "कॉम्पॅक्ट आहे सर" म्हणून गळ्यात मारली, आता रोज भाजीवाल्याचं छत्र घासतंय.

-----

मी उलट सांगते. गाव गुहागरकडे, आधी अल्टोच होती आणि पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरेपर्यंत चेंबर दोनदा तरी खाली आपटायचा, एकदा ऑइल गळून चिपळूणला रात्र काढली. आता थारमध्ये खड्ड्यांचं टेन्शन नाही. पण घराकडची पाणंद, दोन्हीकडून चिऱ्याचा गडगा, तिथं मी गाडी घालतच नाही, वर रस्त्याला लावून सामान डोक्यावर. समोरून एसटी आली तर रिव्हर्स कोण घेणार, ती तर घेणार नाही.

-----

आईचे गुडघे गेलेत. अल्टोत खाली बसता येत नाही, भावाच्या फॉर्च्युनरमध्ये चढता येत नाही, त्याने स्टूल ठेवलंय डिकीत. वॅगनआरची सीट मात्र तिच्या कमरेला येते, नुसतं टेकायचं आणि फिरायचं. कुणी उंचीच्या हिशोबाने गाडी घेतली असेल तर लिहा, लोक मायलेजच विचारत बसतात.

-----

नॅनो चालवतो अजून. ३.१ मीटर. पार्किंगला राजा, सिग्नलला भिकारी. रिक्षासुद्धा कट मारून जाते.

-----

धागाकर्ता: वाचून आत्ता टेप घेऊन खाली जाऊन आलो. खांबाकडून साडेनऊ इंच, पलीकडे शेजारच्या काकांची ॲक्टिव्हा. काका म्हणाले, स्कूटर सरकवतो, पण मग जिन्याचं दार उघडणार नाही.