अनुभव धागा : अनोळखी माणसाला सल्ला विचारला, मग पुढे काय झालं?

नवतपा लागलाय, उन्हाचे ते नऊ कडक दिवस, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हटलं बसल्या बसल्या धागा काढू. विषय असा की घरचे, मित्र सगळे सोडून तुम्ही कधी नेटवरच्या अगदी अनोळखी माणसाला सल्ला विचारला का, वस्तू घ्यायची असो, छंद असो नाहीतर आयुष्याचा मोठा निर्णय. आणि पुढे काय झालं ते नक्की लिहा हं, कारण विचारणारे ढीगभर असतात, नंतर येऊन सांगणारा एखादाच.

माझ्यापासून सुरू करते. मागच्या वर्षी नागपुरात बेसा साइडला फ्लॅट घेतला, चौथा मजला, पश्चिमेची खिडकी. खिडकीत कूलर लावला तरी रात्रभर अंग चिकचिक. सासरे म्हणाले एसी घेऊन टाका, दीर म्हणाला पंप कमजोर आहे, नवरा म्हणाला याहून मोठा कूलर आणू. वैतागून एका रात्री दीड वाजता नेटवर विचारलं. पंचवीस-तीस जणांनी धडाधड कंपन्यांची नावं दिली. एका दादांनी नाव एकही दिलं नाही, उलट मलाच प्रश्न. समोरची खिडकी उघडी असते का? पाणी बोअरचं का नळाचं? मी म्हटलं सगळं गच्च बंद करून झोपतो, नाहीतर गार हवा जाईल नं बाहेर! तर म्हणे ताई तिथंच घोटाळा आहे, कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढून आत टाकतो, ती हवा निघायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो, मग घामही वाळत नाही आणि गारवाही वाटत नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली. पहाटे पांघरूण शोधावं लागलं. वर बोअरच्या पाण्यानं जाळीवर पांढरा थर बसतो म्हणून टाकीत नुसतं वरून पाणी ओतत बसू नका, दोन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करा हेही सांगितलं. जन्म नागपुरात गेला आणि हे मला माहीत नव्हतं, घरात कोणालाच नव्हतं, आता काय बोलायचं.

तुमचं सांगा.

महालवाला :
माझं टेलिस्कोपचं. पोरगा सातवीत, त्याला शनीची कडी पाहायची होती, मी एक टेलिस्कोप कार्टमध्ये टाकून ठेवला होता, डब्यावर मोठ्ठं लिहिलेलं ६७५ पट. पैसे भरायच्या आधी सहज विचारलं, घेऊ का. एकानं सरळ लिहिलं, पट नका पाहू, तोंडाचा व्यास पाहा, ७६ मिलिमीटरचा असेल तर दीडशे पटीच्या वर नुसतं धुरकट दिसते, बाकी आकडा डब्यासाठी असते. आणि पहिला टेलिस्कोप घेऊच नका, १०x५० ची दुर्बीण घ्या, कंटाळा आला तरी क्रिकेट पाहायला कामी येईल. मला राग आला खरं तर, पोराला कडी दाखवायची तर दुर्बिणीत दिसत नाही नं ती. तो म्हणे हो, कडी नाही दिसणार, पण गुरूचे चार चंद्र दिसतील, फक्त कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा, हात हलला की सगळं गेलं. आणि चंद्र पौर्णिमेला पाहू नका, अर्धा असताना पाहा, सावल्या पडतात म्हणून खड्डे उठून दिसतात. अगदी तसंच निघालं. आमच्या गच्चीवर चारी बाजूंनी लाइट, तरी चार चंद्र दिसले, पोट्ट्यानं रोज त्यांच्या जागा वहीत काढल्या. पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेल्या जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा त्यानंच हट्ट धरला, तिथल्या सिल्लारीला घेऊन गेलो, आकाशगंगा अशी पसरलेली की मी दहा मिनिटं बोललोच नाही. टेलिस्कोप अजून घेतला नाही. कडीचा तगादा चालूच आहे.

हुडकेश्वर रोड :
माझं लहान आहे. कॉम्प्युटर चालू केला की तारीख दर वेळी २००९ ची, अन् कोणतीच साइट उघडेना, सुरक्षित नाही म्हणे. दुकानदार म्हणते मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार. नेटवर एका पोरानं सांगितलं काका आत नाण्यासारखा सेल असते, सीआर २०३२, तो बदला. लाइट गेल्यावर घड्याळ त्याच्यावरच चालते, तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट मशीनला खोटं वाटते. चाळीस रुपयांत काम झालं. दुकानात परत गेलो नाही, जाऊन भांडायची हिंमत नव्हती.

रिटायर्ड काका :
मी ५९. जुलै २०२५ मध्ये आपली दिव्या देशमुख बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा अख्ख्या नागपूरसारखं मलाही बुद्धिबळाचं वेड लागलं. फोनवर दिवसाला पंधरा-वीस डाव, सगळे तीन-तीन मिनिटांचे, आणि सगळे हरायचे. विचारलं की या वयात कोणतं पुस्तक घ्यावं, कोणती ओपनिंग पाठ करावी. उत्तर आलं की पुस्तक राहू द्या, तुम्ही विचार करतच नाही आहात, नुसतं बोट चालवता आहात. दिवसाला एकच डाव खेळा, पंधरा मिनिटांचा, आणि हरल्यावर लगेच दुसरा लावायच्या आधी पहिली मोठी चूक कुठे झाली ते शोधा. अनोळखी माणसानं असं तोंडावर सांगितलेलं झोंबलं, दोन दिवस उत्तर दिलं नाही. पण खरं होतं. सहा महिन्यांत रेटिंग पावणेदोनशेनं चढलं. बायकोचं म्हणणं आहे की एकच डाव असला तरी चहा थंडच होतो.

जरीपटका :
सगळं गोड गोड चाललंय म्हणून कडू लिहितो. मी शेअरबद्दल विचारलं होतं, नवीन आहे, कुठून सुरुवात करू. तिथं सगळ्यांसमोर दोघा-तिघांनी चांगलं सांगितलं, घाई नको वगैरे, पण ते बोअर वाटलं. एकाचा मात्र पर्सनल मेसेज आला, लय आदरानं बोलला, ग्रुपमध्ये घेतलं. पाच हजार टाकले तर स्क्रीनवर आठ दिसले, त्यातले दोन काढताही आले, मग काय, साठ टाकले. काढायला गेलो तर म्हणे आधी टॅक्स भरा. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला दोन दिवस लावले, लाजेपायी. तिथला माणूस म्हणाला लगेच केला असता तर कदाचित पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते. घरी अजून माहीत नाही, इथंच पहिल्यांदा लिहून राहिलो.

धागाकर्ती :
@जरीपटका, लिहिलंत हे बरं केलं. आमच्या ऑफिसमधल्या एकाचं हुबेहूब असंच झालं, टॅक्सचं सुद्धा तेच.

सध्या पुणे, मूळ प्रतापनगर :
मी कधी कुठं लिहीत नाही पण वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आई गेली तेव्हा मी हिंजवडीत, बाबा नागपुरात एकटे, वय ७१. मावशी म्हणे नोकरी सोड आणि ये, मैत्रिणी म्हणे वेडी झालीस का, बाबांना पुण्याला आण. मी पार दमले होते, एका रविवारी सगळं सविस्तर लिहिलं, पगार, होमलोन, बाबांची शुगर, सगळं. अर्ध्या लोकांनी लिहिलं ताबडतोब परत जा, आईवडील पुन्हा मिळत नाहीत. अर्ध्यांनी लिहिलं करिअर सोडू नको, नंतर त्यांच्यावरच चिडचिड करशील. दोन्ही वाचून रडले. मग एका बाईंनी एकच ओळ लिहिली, बाबांना विचारलंस का त्यांना काय हवंय?

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. त्यांच्याबद्दल मी पन्नास जणांशी बोलले होते.

फोन केला तर आधी गप्प. मग म्हणाले, तू आलीस तर मला सारखं वाटेल की माझ्यापायी आलीस, आणि पुण्यात मी काय करू, इथं सकाळी अंबाझरीवर आमचा चौघांचा कट्टा आहे. येत जा महिन्यातून एकदा, पण आल्यावर तो लॅपटॉप उघडून बसू नको. बस. ऑफिसात बोलून महिन्यातला एक आठवडा नागपूरहून काम करायची सोय करून घेतली, आणि ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत झाली, ट्रॅव्हल्समधली ती पाय आखडून काढलेली रात्र वाचली, १२ तास दिवसाचे जातात पण झोपून, वाचून जातात. लॅपटॉप उघडावाच लागतो, त्यावरून अजून भांडण होतं. कामाला मावशी ठेवल्या त्या त्यांना पटत नाहीत, तिसऱ्या आहेत. सगळं सुटलं असं म्हणणार नाही.

त्या बाईंना नंतर मेसेज केला होता. त्यांनी फक्त नमस्काराचा हात टाकला.

गोपालनगर :
वरचं वाचून डोळे भरले नं बाप्पा. माझं अगदीच साधं आहे तरी लिहिते. कढीपत्त्याच्या कुंडीत पानावर चिमणीची शिट दिसायची, पुसायला गेले तर ती चालू लागली! फोटो टाकून विचारलं कोणतं औषध मारू. एकजण म्हणाले मारू नका, लिंबाच्या झाडावरच्या फुलपाखराची अळी आहे, लहानपणी शिटेसारखी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठी झाली की हिरवी होते. अर्धा कढीपत्ता तिनं खाल्ला. फुलपाखरू निघालं त्या दिवशी सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवत होत्या, ज्यांनी आधी फवाऱ्याची बाटली आणून दिली होती त्याच.

सायकल आठ महिने :
माझा उलटा अनुभव. गिअरची घेऊ का बिनगिअरची एवढंच विचारलं होतं. साठ-पासष्ट उत्तरं आली, कोणी म्हणे कार्बन, कोणी म्हणे आधी फिटिंग करून घ्या, दोघं तर माझ्याच धाग्यावर एकमेकांशी भांडले. आठ महिने वाचत राहिलो, तेवढ्यात भाव दोन हजारानं वाढला. शेवटी सीताबर्डीत गेलो आन दुकानात जी होती ती उचलली. चालते मस्त. काहून विचारलं होतं तेच आठवत नाही.

वाडी नाका :
विषयांतर होते पण इथं जाणकार दिसून राहिले म्हणून विचारतो. कूलर चालू केला की मासोळीसारखा वास येते, बायको म्हणते फेकून द्या. नवा घ्यावा काय?

धागाकर्ती :
थांबा हो, लगेच नवा कशाला. जाळ्या लाकडी तुसाच्या, म्हणजे वुडवूलच्या, का मधाच्या पोळ्यासारख्या हनीकोंब? कधी बदलल्या? आणि टाकी शेवटची पूर्ण रिकामी कधी केली?

वाडी नाका :
वुडवूल. जाळ्या मागच्या साली बदलल्या होत्या. टाकी... थांबा, घरात विचारून सांगतो.