सोमालिया 1992: सैन्य पाठवणं चूक नव्हतं, मधेच हेतू बदलणं चूक होतं

कृष्णाकाठ:
कुठल्याही कोसळलेल्या देशात शांतिसेना पाठवायचा विषय निघाला की कुणीतरी "सोमालिया आठवा" म्हणतं आणि चर्चा तिथेच संपते. मला याची चीड येते. कारण आठवली जाते ती फक्त 3 ऑक्टोबर 1993 ची राजधानी मोगादिशूतली लढाई, पाडलेली दोन हेलिकॉप्टरं आणि 18 मृत अमेरिकी सैनिक. त्याआधी तिथे काय चाललं होतं, ते कुणी सांगत नाही.

जानेवारी 1991 मध्ये सियाद बारेची 21 वर्षांची हुकूमशाही कोसळली. त्याला हाकलणाऱ्यांतच फूट पडली. जनरल मोहम्मद फराह ऐदीद आणि अली महदी मोहम्मद हे दोघंही हाविये कुळातले, पण उपकुळं वेगळी. नोव्हेंबर 1991 पासून चार महिने दोघांच्या फौजा एकाच शहरात, मोगादिशूत, एकमेकांवर तोफा डागत होत्या. पण सगळ्यात जास्त माणसं मेली ती जुबा आणि शबेले या नद्यांच्या मधल्या शेतकरी पट्ट्यात, बैदोआच्या आसपास. तिथले रहनवेन लोक ज्वारी पिकवणारे, हाती शस्त्रं नसल्यासारखीच. बारेचं उरलंसुरलं सैन्य आणि ऐदीदचं सैन्य, दोन्ही त्यांच्या शेतांवरून आली-गेली. ज्वारीची पेवं उकरून नेली, गुरं हाकून नेली. पाऊस कमी झाला होता हे खरं, पण पेव भरलेलं असतं तर एका कोरड्या वर्षाने एवढी माणसं मेली नसती. मृतांचा अंदाज 2 ते 3 लाखांचा आहे.

यावर संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल 1992 मध्ये 50 निरीक्षक मंजूर केले. मग 500 पाकिस्तानी सैनिक मंजूर झाले, ते सप्टेंबरात पोहोचले आणि विमानतळाच्या पुढे त्यांना फारसं जाता येईना. धान्य बंदरात होतं, पण बंदर ते बैदोआ या रस्त्यावर प्रत्येक बंदूकधाऱ्याला वाटा हवा होता. रेड क्रॉससारख्या संस्थेला पहिल्यांदाच भाडोत्री हत्यारबंद पहारेकरी ठेवावे लागले. 3 डिसेंबरला सैन्य पाठवायला परवानगी देणारा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 794 झाला, 9 डिसेंबरला अमेरिकी सैनिक मोगादिशूच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे वेगवेगळ्या देशांचे मिळून सुमारे 37,000 सैनिक आले आणि काही आठवड्यांत रस्ते खुले झाले.

माझं म्हणणं एवढंच: हे करायलाच हवं होतं, आणि निदान आठ महिने आधी करायला हवं होतं. पुढची वाताहत झाली ती मे 1993 नंतर, जेव्हा धान्याच्या रक्षणाचं काम मागे पडून निःशस्त्रीकरण आणि राष्ट्रउभारणी असं भलं मोठं काम आधीपेक्षा कमजोर सैन्यावर टाकलं गेलं.

अबोली:
तळमळ कळते, पण "आठ महिने आधी सैन्य" हे उत्तर मला पटत नाही. आठ महिने आधी काय हवं होतं, हे तिथे असलेला एक माणूस सांगत होता. मोहम्मद साहनून, अल्जीरियाचे मुत्सद्दी, संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी. ते ऐदीदशी बोलत होते आणि कुळांच्या वडीलधाऱ्यांशीही. सगळी मदत मोगादिशूतून न आणता ठिकठिकाणच्या बंदरांतून आणावी, म्हणजे एका गटाच्या हाती नाड्या राहणार नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. संयुक्त राष्ट्रांच्या दिरंगाईवर त्यांनी जाहीर टीका केली, आणि ऑक्टोबर 1992 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. सहा आठवड्यांनी सैन्य आलं.

दुसरं म्हणजे, सैन्य उतरलं तोवर मृत्यूंचा सर्वांत भयानक काळ सरून गेला होता. माणसं सर्वाधिक मरत होती ती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. रेड क्रॉसने शिजवलेलं अन्न वाटायला शेकडो स्वयंपाकघरं चालवली. धान्य लुटायला सोपं, शिजवलेलं अन्न लुटून विकता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. ती चालवणारे बहुतेक सोमाली स्त्री-पुरुषच होते. लाखो लोक त्यावर जगले. या लोकांचं नावही कुणाला ठाऊक नाही आणि श्रेय मात्र डिसेंबरात कॅमेऱ्यांसमोर उतरलेल्या सैनिकांना, हे मला अन्यायाचं वाटतं.

माजी फौजी:
कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. फक्त चर्चेत आपल्याच सैन्याचा उल्लेख नाही याचं वाईट वाटलं. 1993 ते 1994 या काळात भारताची 66 वी स्वतंत्र इन्फन्ट्री ब्रिगेड तिथे होती, सुमारे 5,000 जवान, ब्रिगेडियर भगत यांच्या हाताखाली. बैदोआ, बार्डेरा, किसमायो हा मुलूख त्यांच्याकडे होता. आपल्या जवानांनी विहिरी खणल्या, फिरते दवाखाने चालवले, माणसांबरोबर उंट-गुरांवरही उपचार केले. पशुपालकाचं जनावर वाचवलं की त्याचं घर वाचतं, हे आपल्या खेड्यांतून आलेल्या जवानाला शिकवावं लागत नाही.

त्याची किंमतही मोजली. ऑगस्ट 1994 मध्ये घात लावून केलेल्या हल्ल्यात आपले सात जवान गेले, त्याच सुमारास बैदोआत तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. तरी आपण, मोगादिशूत ऐदीदसाठी झालं तसं, एखाद्या माणसाच्या शिकारीला निघालो नाही. शांतिसेना कशी असावी हे बघायचं तर मोगादिशूऐवजी बैदोआ बघा.

ऐलपैल:
फौजीसाहेब, आपल्या जवानांबद्दल आदर आहे. पण "जायलाच हवं होतं" म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशेब पुरा मांडावा.

5 जून 1993 ला शस्त्रसाठा तपासायला गेलेल्या पाकिस्तानी तुकड्यांवर हल्ला होऊन 24 सैनिक मारले गेले. भयंकर होतं ते. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने जबाबदारांना पकडण्याचा ठराव केला. मग संयुक्त राष्ट्रांचे तिथले तेव्हाचे विशेष प्रतिनिधी ॲडमिरल हाऊ यांनी ऐदीदच्या डोक्यावर 25,000 डॉलरचं इनाम लावलं. जी संस्था मध्यस्थ म्हणून आली ती एका कुळाच्या विरोधातली फौज बनली. 12 जुलैला मोगादिशूतल्या एका घरावर अमेरिकी हेलिकॉप्टरांतून क्षेपणास्त्रं डागली. आत हबर गिदिर या ऐदीदच्याच उपकुळातले वडीलधारे बैठकीला जमले होते. रेड क्रॉसने मृतांचा आकडा 54 सांगितला. त्यांत असे लोक होते ज्यांना ऐदीदने तडजोड करावी असं वाटत होतं. त्यानंतर संतापलेल्या जमावाने चार परदेशी पत्रकारांना ठार मारलं. ऑक्टोबरात जे झालं त्याची सुरुवात इथे आहे.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनडाच्या सैनिकांनी छावणीत शिरलेल्या एका सोळा वर्षांच्या सोमाली मुलाचा छळ करून जीव घेतला. पुढे कॅनडाला ती अख्खी रेजिमेंट बरखास्त करावी लागली. 3 ऑक्टोबरच्या लढाईत मेलेल्या सोमालींचा आकडा आजही कुणी नेमका सांगत नाही, "शेकडो" म्हणून पुढे जातात. ज्यांना वाचवायला आलात त्यांची मोजदादही नाही, याला मी मानवतावादी म्हणू शकत नाही.

कृष्णाकाठ:
ऐलपैल, 12 जुलैबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दही मी खोडणार नाही. हेतू बदलला असं मी म्हणालो ते याचसाठी. पण त्यातून "पुढे कुठेच जाऊ नका" असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो लगेच वापरला गेला. मार्च 1994 मध्ये अमेरिकी सैन्य सोमालियातून निघालं. 7 एप्रिलला रवांडात दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले. त्या देशात कत्तल चालू असताना, 21 एप्रिलला, सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना 270 जणांवर आणली. दुसरा मोगादिशू नको, ही भीती त्यामागे होती. शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसं मारली गेली. हस्तक्षेपाची किंमत मोजताय, तर हस्तक्षेप न केल्याचीही मोजा.

दर्यावर्दी:
मी मर्चंट नेव्हीत होतो, त्यामुळे बाहेरचे निघून गेल्यावर काय होतं ते आमच्या लोकांनी समुद्रात भोगलंय. मार्च 1995 ला संयुक्त राष्ट्रं निघाली. देशाला ना किनारारक्षक दल, ना कोर्ट. परदेशी ट्रॉलर मासळी ओरबाडून न्यायचे, आणि पुढे तिथल्या बंदूकवाल्यांनी जहाजं पळवायचा धंदाच मांडला. कोकणातल्या किती घरांनी खंडणीच्या फोनची वाट बघत महिने काढलेत. 2008 पासून आपल्या नौदलाची जहाजं एडनच्या आखातात आहेत. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने 35 चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, खटला इथे मुंबईत. तेव्हा "आपला काय संबंध" असं कुणी म्हणू नये.

अबोली:
दर्यावर्दीदादा, संबंध आहेच. पण त्याच देशाचा उत्तर भाग बघा. मे 1991 मध्ये सोमालीलँडने वेगळं झाल्याचं जाहीर केलं. तिथेही आपसात लढाया झाल्या. 1993 मध्ये बोरामा गावात कुळांच्या वडीलधाऱ्यांची परिषद कित्येक महिने बसली. कुणाची किती गुरं गेली, कुणाचा खून कुणी केला, भरपाई काय, इथून सुरुवात करून शेवटी इब्राहिम एगालना अध्यक्ष निवडण्यापर्यंत ते पोहोचले. परदेशी सैन्य नाही, इनाम नाही. दक्षिणेत मात्र मार्च 1993 मध्ये अदिस अबाबाला बोलावून पंधरा सशस्त्र गटांच्या म्होरक्यांच्या सह्या घेतल्या. ज्याच्याकडे बंदूक त्यालाच खुर्ची दिलीत, तर बाकीच्यांनी बंदूक का टाकावी?

कृष्णाकाठ:
अबोलीताई, बोरामाबद्दल मलाही फार आदर आहे, आणि अदिस अबाबातल्या सह्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण बोरामात बसलेल्या कुळांपैकी प्रत्येकाकडे काही ताकद होती. लढत राहिलो तर आपलंही नुकसान आहे हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून बैठक तडीस गेली. 1992 च्या उन्हाळ्यात बैदोआच्या शेतकऱ्यांकडे काय होतं? त्यांना लुटणाऱ्याला त्यांच्याशी बोलायची गरजच नव्हती. 2011 ला त्याच पट्ट्यात पुन्हा दुष्काळ पडला. अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेने मदतसंस्थांना बंदी केली होती, आणि तेव्हाही सुमारे 2.6 लाख माणसं गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. मी सैन्य मागतो ते अशा लोकांपर्यंत धान्य पोहोचवणाऱ्या रस्त्यासाठी. ते काम बैठकीने होत असेल तर कसं, हे मला तुमच्याकडून खरंच समजून घ्यायचंय.