एकमेकांवर चालणारे सीझनचे कपडे घरी कोण कोण शिवतं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठची
परवा अभ्र्यांचं कापड आणायला हरभट रोडला गेले आणि एका दुकानात बारीक निळ्या रेघांचं पॉपलीन दिसलं, डिट्टो आमचं! अण्णांनी एका दिवाळीला इचलकरंजीहून अख्खा तागा उचलून आणला होता. त्यात आम्हा बहिणींचे फ्रॉक, दादाचा बुशशर्ट, आईचा परकर आणि तरी उरलं म्हणून शिलाई मशीनचं कव्हर. त्या दिवाळीच्या फोटोत मशीनपण आमचं भावंडच वाटतं. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि आता मी स्वतः ठरवून जवळपास तेच करते, फक्त नवऱ्याला त्या कापडाचा शर्ट शिवत नाही एवढंच.

म्हणजे सीझनचे सगळे कपडे एकदम बेतायचे. सांगलीचा मार्च ते मे काय असतो ते सांगायला नकोच. मी आधी खालचं ठरवते, एक क्रीम पँट, एक गडद निळी, दोन्ही जरा जाड सुती. मग वर चार आखूड कुर्ते, आणि प्रत्येकात या दोन्हीतला एक तरी रंग हवाच, दुकानात मोरपंखीवर कितीही जीव गेला तरी घ्यायचं नाही. चार नि दोनचे आठ जोड झाले. कापड आधी रात्रभर पाण्यात, मग न पिळता सावलीत, मगच कात्री. रेयॉन तर फारच आटतं. आणि खरं सुख कशाचं, तर निळी पँट सोडली तर सगळं एकाच ऑफव्हाइट दोऱ्यात होतं, बॉबिन भरून ठेवल्या की बसायचं नि हाणायचं.

तुम्ही कसं करता लिहा ना.

सातारी सर
उन्हाळ्याचं कौतुक तुम्हाला, आमच्याकडं साताऱ्यात पावसाळ्याचं बघावं लागतं. जाड सुती दोरीवर चार दिवस लोंबतं आणि वर कुबट वास. मी पातळ केम्ब्रिक नाहीतर पॉलिएस्टर मिक्स घेते, पँटी घोट्याच्या वर आणि गडदच, पोवई नाक्यावरनं एखादी गाडी चिखल उडवत गेली तरी घरी येईपर्यंत कुणाला कळत नाही. घेर अजिबात नको, स्कूटीच्या चाकात जातो. रंग मी कास पठारावरच्या फुलांवरनं उचललेत, सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा, तिन्ही काळ्यावर उठून दिसतात.

चहाबाज
आम्हाला कासला नुसत्या गाड्याच दिसल्या ताई, मग आम्ही पांढरा नि राखाडी घ्यावा का 😂

बॉबिनबाई
मलमलला सुई कितीची लावता? माझी मशीन कापड खाते. कुकर लावलाय, पटकन सांगा कुणीतरी

कृष्णाकाठची
११ नंबर लाव गं. १४ ने भोकं दिसतात. आणि सुरुवात करताना खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेव, तिच्यासकट टीप मार, मग फाडून टाक. मलमलला ओव्हरलॉकपण (कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून मशीननं घालतात ती गुंफण) नको, फ्रेंच शिवण घाल. सुलट बाजू बाहेर ठेवून काठाजवळ पहिली टीप, कडा कातरायच्या, मग उलटवून पाव इंचावर दुसरी, सगळे दोरे आतल्या आत गाडले जातात. वेळ दुप्पट लागतो पण कितीही धुवा, दशी म्हणून निघत नाही.

वाटसरू
पुरुष आयडी आहे, हसू नका. लॉकडाउनमध्ये आईच्या मशीनवर शिकलो. उन्हाळ्याला मांजरपाटाचे पायजमे आणि बिनकॉलरचे कुर्ते, सगळे फिकट. कॉलरच्या नादी लागत नाही, बकरम चिकटवा, टोकं काढा, कोण करत बसणार. एकच कागदी पॅटर्न, फक्त खिसे नि बाह्या बदलतो, ऑफिसात वाटतं ह्याच्याकडं लई कपडे आहेत.

चहाबाज
वहिनींचे ब्लाऊज शिवता का दादा?

वाटसरू
नाही. संसार टिकवायचाय.

मिरजेची मावशी
मी हिवाळ्याचं करते, आमच्या मिरजेला थंडी ती केवढी पण हौस. दोन साधे कुर्ते, एक काळा एक मातकट, आणि त्यावर खणाची जाकिटं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, पन्हा (कापडाची रुंदी) लहान असतो त्यामुळं ४४ इंची पन्ह्याच्या हिशोबानं मीटर सांगू नका, पुढचे दोन भाग नि पाठ वेगवेगळी बेतावी लागते आणि काठ कुठं येणार ते आधी फरशीवर मांडून बघायचं. अस्तर लाल सुती लावते, उलटं घातलं की दुसरं जाकीट. सुनेला आवडलं नाही. लेकीनं दोन नेली.

गावभाग
धाग्याचा विषय वाचून वेगळंच आठवलं. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमची मशीन खाली राहिली. पाणी उतरल्यावर बघतो तर शटलमध्ये चिखल, पट्टा कुजलेला, मोटर गेलीच. सासूबाईंनी रॉकेलचा बोळा घेऊन एकेक भाग पुसला, मग मशीनचं तेल सोडून नुसतं चाक फिरवत बसल्या, शेजारीण म्हणाली भंगारात द्या. जुन्या बिडाची (ओतीव लोखंडाची) मशीन, आज पायानं छान चालते. कपाटातलं मात्र सगळं गेलं होतं, मग त्या वर्षी मी पहिल्यांदा मोजकंच आणि एकमेकांवर चालेल असंच शिवलं, हौस म्हणून नाही, तेवढंच कापड होतं.

सातारी सर
किती गं. सासूबाईंना नमस्कार सांग.

बॉबिनबाई
११ नंबरची सुई मिळाली!! खात नाही आता 🙏 गावभाग ताई, मोटर परत बसवलीत का, कितीला पडली?

पुणेरी भाची
या प्रकाराला बाहेर मोठा इतिहास आहे बरं का. न्यूयॉर्कची फॅशन डिझायनर डोना कॅरन, तिनं १९८५ मध्ये सेव्हन इझी पीसेस आणले होते, मोजक्याच कपड्यांतून ऑफिसपासून पार्टीपर्यंत सगळं भागवायचं.

कृष्णाकाठची
आमच्या अण्णांच्या ताग्यात मशीनची पार्टी पण भागली होती गं.

मिरजेची मावशी
ते सगळं ठीक, पण लेकरं वाढतात त्याचं काय? नातीच्या पँटला मी खाली तीन इंच माया दुमडून ठेवते, दर वर्षी एक दुमड उसवायची. आधीची घडी पांढरट दिसते, तिथं लेस लावून टाकायची, शाळेत मुली विचारतात कुठनं आणली.

सातारी सर
मावशी भारी आयडिया. कंदी पेढे पाठवते.

चहाबाज
पेढ्यांवर सांगलीचं भडंग मागवा, मेळ बसला पाहिजे ना.

गावभाग
@बॉबिनबाई नाही बसवली, पायानंच बरं. बसवणार असाल तर पट्टा नवीन घ्या, जुना घसरतो. विश्रामबागेत ओव्हरलॉक करून देणारं कुणी माहितीये का, गणपती मंदिराकडचे काका गावी गेलेत आणि माझे चार कुर्ते अडकलेत.