अनुभव धागा : नाव एकाचं, गळा दुसऱ्याचा

खर्जातला (धागाकर्ता)

बँडला एखाद्या माणसाचं नाव असलं की ऐकणारा धरूनच चालतो, हाच गाणारा. पण नाव ड्रमरचं किंवा कीबोर्डवाल्याचं आणि टाळ्या गायकाला, असे बँड ढिगाने झालेत. मी स्वतः बेस वाजवतो, तेव्हा या विषयात माझा जीव जरा जास्तच अडकलाय. तुमच्यापैकी कुणी अशा बँडमध्ये वाजवलं असेल, गायलं असेल, नुसतं ऐकलं असेल, तर येऊ द्या अनुभव.

सुरुवात माझ्या आवडत्या किश्शाने करतो. १९६० च्या दशकातला बर्मिंगहॅमचा 'स्पेन्सर डेव्हिस ग्रुप'. स्पेन्सर गिटार वाजवायचा, अधूनमधून गायचासुद्धा. पण ज्या आवाजासाठी लोक वेडे झाले तो स्टीव्ह विनवुडचा, बँडमध्ये आला तेव्हा मिसरूडही न फुटलेलं पोरगं. मग नाव स्पेन्सरचं का? स्टीव्हचा थोरला भाऊ मफ बेसवर होता, त्याने सांगितलेलं कारण असं की मुलाखती द्यायची हौस एकट्या स्पेन्सरलाच होती. नाव त्याचं ठेवलं की मुलाखतींना तो जाणार आणि बाकीचे अंथरुणात लोळायला मोकळे!

एकच अट. नाव बँडमधल्याच माणसाचं हवं. जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला पेरणीयंत्रवाला इंग्रज, लिनर्ड स्किनर्ड हे शाळेतल्या व्यायामशिक्षकाच्या नावाचं विडंबन, आणि पिंक फ्लॉइड म्हणजे दोन ब्लूजवाल्यांची नावं जोडलेली. ही मंडळी इथं बाद.

तिहाई

खर्जातला, हा धागा माझ्यासाठीच काढलात की काय! मी ड्रम वाजवतो आणि आमचा बँड माझ्या नावाने ओळखला जातो. यात माझ्या कर्तबगारीचा संबंध शून्य. ड्रमकिट रोज इकडून तिकडे नेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून तालमी माझ्या घरी. तालमी माझ्या घरी म्हणून फोन माझा. कार्यक्रम ठरवणाऱ्या पहिल्याच गृहस्थांनी यादीत माझ्या नावापुढे 'आणि मंडळी' असं लिहून टाकलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

आता स्टेजवर काय होतं ते सांगतो. निवेदक माझं नाव पुकारतो आणि माइक घेऊन थेट गायकाकडे जातो. "तर सांगा, हा प्रवास कसा सुरू झाला?" आमचा गायक बिचारा सरावलाय. तो मान वळवून मागे बोट दाखवतो, मी दोन झांजांच्या फटीतून काठी वर करतो, आणि निवेदक "अच्छा अच्छा" करून पुन्हा गायकालाच पुढचा प्रश्न विचारतो. दर वेळी. फरक पडलेला नाही.

यावर खरा तोडगा काढला तो 'डेव्ह क्लार्क फाइव्ह'च्या डेव्ह क्लार्कने. पठ्ठ्याने ड्रमकिटच स्टेजच्या पुढ्यात मांडलं. गाणार माइक स्मिथ, ऑर्गनवर बसून, आणि समोर मधोमध कोण तर ड्रमर. १९६४ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये बीटल्सना पहिल्या नंबरावरून खाली खेचलं ते याच बँडने, 'ग्लॅड ऑल ओव्हर' या गाण्याने. आणि क्लार्क नुसता नावाचा धनी नव्हता. व्यवस्थापन त्याचं, रेकॉर्डिंगवर देखरेख त्याची, मूळ टेपा त्याच्या मालकीच्या. त्या काळात बीटल्सनाही स्वतःच्या टेपांची मालकी नव्हती, हे ध्यानात घ्या. दुसरी बाजूही आहे. सगळी सूत्रं एकाच हाती असल्यामुळे सीडीच्या जमान्यात कित्येक वर्षं या बँडची गाणी बाजारात मिळतच नव्हती.

आम्हीही एकदा ड्रम पुढे घेऊन पाहिले. फेडर, तुम्हीच सांगा काय झालं असेल.

फेडर

काय होणार? गायकाच्या माइकमध्ये गायक कमी आणि हायहॅटच (पायाने वाजवायची झांजांची जोडी) जास्त! मी साउंडवाला. गळ्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर केला की झांज वर येते, खाली घेतला की दोन्ही गायब. वर गायकाच्या कानाला दडे. ड्रम मागे ठेवतात यात मानापमान काही नाही हो, तिहाई.

माझा अनुभव वेगळा आहे. साउंड चेकच्या कागदावर बँडचं नाव असतं आणि खाली कुणाला किती माइक. नावातला माणूस कोण हे मला कागद वाचायच्या आधीच कळतं. जो सगळ्यात आधी येतो, सगळ्यात शेवटी जातो आणि "मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) मला काय हवंय" याऐवजी "सगळ्यांना नीट ऐकू येतंय ना" असं विचारतो, तो. गायक असेलच असं नाही. बरेचदा नसतोच.

'व्हॅन हेलन' हे याचं ठळक उदाहरण. एडी गिटारवर, अ‍ॅलेक्स ड्रमवर, दोघे सख्खे भाऊ, आडनाव त्यांचं. गायला आधी डेव्हिड ली रॉथ, १९८५ पासून सॅमी हेगर, मग थोडा काळ गॅरी चेरोन. गायक बदलले की चाहत्यांत उभे तट पडायचे, आजही पडतात, पण पोस्टरवरचं अक्षर हललं नाही. गंमत अशी की हे नाव ठेवा असं सुचवलं रॉथनेच, म्हणजे खुद्द गायकाने, असं सांगतात. आणि हेगरचं नशीब बघा. १९७३ मध्ये त्याचा पहिला मोठा बँड कोणता? 'मॉन्ट्रोज'. रॉनी मॉन्ट्रोज या गिटारवाल्याच्या नावाचा.

काळी दोन

मी गाते. बँड आमच्या गिटारवाल्याच्या आडनावाने आहे. त्यामुळे मला सगळीकडे त्याच आडनावाने हाक मारतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "साहेब आले नाहीत का?" साहेब माझ्या शेजारीच केबल गुंडाळत बसलेले असतात. एका कार्यक्रमात सन्मानपत्र मिळालं त्यावर माझं नाव, पुढे त्याचं आडनाव, आणि त्याच्या बायकोच्या हस्ते मला ते देण्यात आलं. आम्ही दोघी हसून हसून बेजार. फोटोत ते दिसतंय.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं, आणि त्यासाठी मी 'हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स'चं नाव घेईन. फिलाडेल्फियाचा सोल गायकांचा ताफा. १९७२ चं 'इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ' हे त्यांचं गाणं ऐका. तो धीरगंभीर, मध्येच फाटल्यासारखा होणारा आवाज टेडी पेंडरग्रासचा. तो आला होता ड्रमर म्हणून! गायला लागला आणि बँडचं नशीब पालटलं. श्रोत्यांना मात्र वाटायचं हाच हॅरल्ड मेल्विन. पुढे त्याचं नाव रेकॉर्डवर वेगळं छापायला लागले, तरी पैसा आणि मान यांवरून जे बिनसलं ते बिनसलंच. टेडी बाहेर पडला आणि एकट्याच्या नावावर मोठा स्टार झाला. मेल्विनने दुसरे गायक घेऊन शेवटपर्यंत बँड चालवला.

मला विचाराल तर माझी तक्रार नावाबद्दल नाही. चाली त्याच्या, तालमीची शिस्त त्याची, तेव्हा नाव त्याचं असावं हे मला मान्य आहे. पण पोस्टरवर माझा फोटो वापरता ना? मग त्याखाली माझं नाव छापा. गेल्या काही कार्यक्रमांपासून छापतात. भांडावं लागलं, पण छापतात.

कॅसेटवाली

काळी दोन, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन!

मी वाजवत नाही, गात नाही, फक्त ऐकते. आमच्या मामाकडे 'सँटाना'च्या कॅसेट होत्या. कव्हरच्या आतला घडीचा कागद उलगडून त्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचायची त्याची सवय, ती माझ्यात उतरली. त्या कागदावर कळायचं की कार्लोस सँटाना गिटारवर आहे आणि मुख्य गायन ग्रेग रोलीचं, तेही ऑर्गन वाजवता वाजवता. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात जो बँड गाजला तो हाच.

आता यातली माझी लाडकी साखळी ऐका. 'ब्लॅक मॅजिक वुमन' सगळ्यांना सँटानाचं म्हणून माहीत, १९७० चं. पण ते मूळचं 'फ्लीटवुड मॅक'चं, १९६८ चं, त्यांचा गिटारवाला पीटर ग्रीन याने लिहिलेलं. फ्लीटवुड मॅक हे नाव कुणाचं? ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांचं. म्हणजे न गाणाऱ्यांच्या नावाच्या एका बँडचं गाणं, न गाणाऱ्याच्याच नावाच्या दुसऱ्या बँडने जगभर नेलं.

१९९९ मध्ये 'स्मूद' आलं तेव्हा गायक रॉब थॉमस होता, दुसऱ्याच बँडचा. आणि तरीही पहिल्या दोन-तीन सुरांत मामा स्वयंपाकघरातून ओरडला, "सँटाना!" गायकाने तोंडही उघडलं नव्हतं. तेव्हा नाव कुणाचं असावं यावर आमच्या घरात वाद नाही.

पितळी

जरा उलटं बोलतो, रागावू नका. तुम्ही सगळे ज्याचं नवल करताय ती रीतच होती. मी हौशी बिग बँडमध्ये (जॅझ वाजवणारा मोठा ताफा) ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, वाजवतो. १९३० आणि ४० च्या दशकांत बँड म्हणजे बँडप्रमुखाचा. ग्लेन मिलर ट्रॉम्बोनवाला, टॉमी डॉर्सी ट्रॉम्बोनवाला (आमच्या वाद्याला तेव्हा भाव होता), बेनी गुडमन क्लॅरिनेटवाला. गायक हा पगारी माणूस. बाजूला खुर्चीवर बसायचा, आपला अंतरा आला की उठायचा, गाऊन झालं की परत खुर्चीवर. डॉर्सीच्या बँडमध्ये अशा खुर्चीवर कोण बसलं होतं? फ्रँक सिनात्रा! १९४२ मध्ये तो सुटला आणि हळूहळू पारडं फिरलं. गायक मोठे झाले, बँड त्यांच्या मागे गेले.

ग्लेन मिलरचं विमान डिसेंबर १९४४ मध्ये बेपत्ता झालं. त्याच्या नावाचा ऑर्केस्ट्रा त्यानंतरही वाजतच राहिला, १९५६ मध्ये नव्याने उभा केला गेला. गायकाच्या नावाचं असं सहसा होत नाही. गळा गेला की संपलं.

पाचवा गडी

पितळी म्हणतात ते बरोबर, पण नाव मागे उरतं तेव्हा ते कुणाचं, यावरून कोर्ट चढावं लागतं.

आमचा बँड बेसवाल्याच्या नावाचा होता. त्याला दुसरीकडे नोकरी लागली, तो गेला. नाव त्याचं, ईमेलचा पासवर्ड त्याच्याकडे, आणि त्याच्या नावाचे टीशर्ट घालून आम्ही चौघं. भांडण झालं नाही. तो म्हणाला, वापरा की. मग वर्षभराने त्याने तिकडे नवा बँड काढला, त्याच नावाने. आता दोन आहेत. परवा एका आयोजकाने त्याला फोन करून आमची तारीख पक्की केली.

मोठ्यांचंही असंच. 'जे. गाइल्स बँड'मध्ये गायक पीटर वुल्फ, 'सेंटरफोल्ड' हे १९८१ चं गाणं त्याच्याच आवाजात. जॉन गाइल्स गिटारवाला. २०१२ मध्ये बाकीचे त्याला वगळून त्याच्याच नावाने दौऱ्यावर निघाले, तेव्हा गाइल्सने त्यांच्यावर दावा लावला. आणि फ्लीटवुड मॅकचं तर कहरच. १९७४ मध्ये त्यांच्या व्यवस्थापकाने नाव माझ्या मालकीचं असा दावा करून भलतीच माणसं त्या नावाने अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडली. फ्लीटवुड नाही, मॅकव्ही नाही, आणि बँड फ्लीटवुड मॅक! प्रेक्षकांनी हुर्यो केली, प्रकरण कोर्टात गेलं.

नवीन पोरांना मी एवढंच सांगतो, पहिल्या कार्यक्रमाच्या आधी एका कागदावर लिहा. नाव कुणाचं, तो गेला तर कोण वापरणार, पासवर्ड कुणाकुणाकडे.

खर्जातला

छान रंगला धागा! फ्लीटवुड मॅक दोनदा आलं म्हणून माझीही एक भर. १९६७ मध्ये पीटर ग्रीनने हे नाव ठरवलं तेव्हा मॅकव्ही बँडमध्ये आलेलाच नव्हता. दुसरीकडे पगारी नोकरी होती, सोडवत नव्हती. ग्रीनने त्याचं नाव आधी लावलं आणि काही आठवडे दुसऱ्या बेसवाल्यावर भागवलं. मग स्वारी आली. ग्रीन १९७० मध्ये निघून गेला, मॅकव्ही टिकला. १९७७ च्या 'रूमर्स'मध्ये तीन-तीन गाणारे आहेत, स्टीव्ही निक्स, लिंडसी बकिंगहॅम आणि क्रिस्टीन मॅकव्ही, आणि ज्यांच्या नावाचा बँड ते दोघं, मिक आणि जॉन, गात नाहीत.

काळी दोन, पोस्टरवर नाव किती मोठं छापतात? आमच्याकडे तेवढ्यावरून सध्या जोरात चालू आहे.

काळी दोन

आडनावाच्या निम्मं. पुढच्या वेळी पाऊणचं बोलणं झालंय.